आक्काचं विरजण

गुरुवार, १ मे

आले एकदाची! नव्या वहीच्या पहिल्या पानावर नाव-गाव लिहायची माझी शाळेपासूनची खोड आहे, तेव्हा लिहून टाकते: निवेदिता विष्णुपंत धर्माधिकारी, राहणार भिंगार, एम. ए. मराठी, वय सव्वीस, नोकरी नाही. म्हणजे कालपर्यंत नव्हती. आजपासून महिनाभर मी 'बाई' आहे, आणि हे मला भलतंच आवडलं आहे.

फाट्यावर एसटीतून उतरले तेव्हा डांबर इतकं मऊ झालं होतं की चप्पल सोडवून घ्यावी लागत होती. पण न्यायला खुद्द सहादेवराव मोटरसायकल घेऊन उभे. साठीचे गृहस्थ, पांढरी टोपी, पांढरा सदरा, बोलणं मऊ. देवळाली प्रवरेच्या बाहेर उसाच्या मधोमध त्यांच्या संस्थेची निवासी शाळा आहे. सुट्टीत ती रिकामी असते, म्हणून दर मे महिन्यात तिथे हे शिबिर भरतं. भिंगारजवळच्या नागापूरच्या कारखान्यांत आणि आसपासच्या वीटभट्ट्यांवर नुकतीच आलेली बिहार, झारखंड, ओडिशाची कुटुंबं आहेत, त्यांची तेरा ते सतरा वर्षांची मुलं महिनाभर इथे राहतात. जूनमध्ये त्यांना मराठी शाळेत बसायचं आहे आणि मराठीचा एक शब्द येत नाही. तो यावा म्हणून मी. सहादेवराव गाडी चालवता चालवता मान वळवून म्हणाले, "पोरं लई गुनी हायती बाई. फकस्त आपली झाली पायजेत." मला वाक्य आवडलं, म्हणून जसंच्या तसं उतरवलं.

खोली स्वच्छ, पंखा चालतो, खिडकीबाहेर लिंबाचं झाड. आणि जेवण! घरी मी नाक मुरडणारी म्हणून बदनाम आहे. भात जरा गिचका झाला तरी ताट सारते. पण लंकाबाईंनी, म्हणजे इथल्या स्वयंपाकीणबाईंनी, वाढलेलं दही मी वाटीमागून वाटी खाल्लं. सुरीने कापावं असं घट्ट, वर जाड साय, आंबटपणा नावाला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चुंबळीवर एक काळंकुट्ट गाडगं आहे, त्यात ते लागतं. हे 'आक्काचं दही'. आक्का म्हणजे सहादेवरावांची आई, राहीबाई. त्या गेल्या, पण त्यांचं विरजण अजून चालू आहे, एक दिवसही खंड पडू दिलेला नाही. जेवणघरात त्यांचा फोटो आहे: डोक्यावर पदर, गालफडं बसलेली, नजर थेट ताटावर. मला हे सगळं फार गोड वाटलं. बाबांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले, तुला काहीतरी आवडलं हीच मोठी बातमी.

शुक्रवार, २ मे

पहिला तास. सगळे माझ्याकडे मी लस टोचायला आल्यासारखे बघत होते. 'माझं नाव' यापलीकडे गाडी गेली नाही. 'ळ' वर तर नुसता गोंधळ. गयेकडचा रंजय नावाचा सोळा वर्षांचा मुलगा आहे, लांबलचक, हसरा, तो 'फळा' म्हणताना जीभ अशी काही वळवायचा की सगळा वर्ग लोळायचा. मीही हसले, बाई असून.

एक मुलगी मात्र हसली नाही. सुकुरमुनी, पंधरा वर्षांची, झारखंडातल्या दुमक्याकडची संथाळ. तिचा बाप लखीराम नागापूरला एका लोखंडाच्या ओतशाळेत महिन्याभरापूर्वी लागला आहे. ही खिडकीशी बसून हळू आवाजात तिच्या भाषेत काहीतरी गुणगुणत असते. दुपारी जेवणघरात डोकावले तेव्हा तिने दह्याची वाटी सरळ बाजूला सारली. मी मोडक्या हिंदीत विचारलं तेव्हा तिनेही तितक्याच मोडक्या हिंदीत सांगितलं, की दूध वासराचं असतं, माणसाने ते पिणं म्हणजे घाण. तिच्या गावी कुणी पीत नाही. दूध आणि घाण! मला गंमत वाटली. आमच्या घरी देवाला आधी दूध आणि मग बाकीचं.

रविवार, ४ मे

हात धुतला, तोंड धुतलं, तरी अंगावर काटा आहे.

आतापर्यंत माझं ताट लंकाबाई खोलीत आणून देत होत्या. आज म्हटलं मुलांबरोबर पंगतीत बसावं. जेवण झालं, शेवटी ताक. सुकुरमुनी सोडून प्रत्येक जण वाटीभर प्यायला. मग उठून ओळीने स्वयंपाकघरात गेला आणि वाटीत राखलेला शेवटचा घोट त्या काळ्या गाडग्यात ओतला. उष्टा घोट. तीसेक मुलांच्या तोंडातला. एकाची तर वाटी रिकामी झाली होती, त्याने तोंडातलाच घोट आत सोडला, आणि लंकाबाईंनी त्याच्या पाठीवरून कौतुकाने हात फिरवला. मग गाडग्यावर फडकं बांधलं.

हेच दही. हेच मी साय चाटून खाल्लं.

मी मोरीपर्यंतसुद्धा पोचले नाही. ओकले ते पायरीवरच. आणि आलं ते पाणी नव्हतं, पांढऱ्या वड्या होत्या, घट्ट, थरथरणाऱ्या, ताटातून आत्ताच काढल्यासारख्या. सकाळपासून मी दह्याला हात लावला नव्हता. तो वास लिहिता लिहिता परत नाकात येतोय: आंबट, कोमट, दात न घासलेल्या तोंडाचा.

लंकाबाई राखेने पायरी घासताना हसत होत्या. हा आक्काच्या घरचा रिवाज आहे म्हणाल्या, गाडगं कधी रितं पडू द्यायचं नाही, ज्याने खाल्लं त्याने थोडं माघारी द्यायचं. "आपल्याच लेकरांचं उष्टं, त्यात काय बाट लागतोय व्हय?" मी ठरवलं आहे, यापुढे बिस्किटं, केळी आणि फाट्यावरची भेळ. भिंगारला जाईपर्यंत.

गुरुवार, ८ मे

एक चांगली गोष्ट लिहिते, म्हणजे मन थाऱ्यावर येईल. मुलं मराठी बोलायला लागली आहेत! फुटकळ शब्द नाहीत, सलग वाक्यं. रंजयने आज मला दारात थांबवून विचारलं, "का गं बाय, रात्री झोप लागली न्हाई का? डोळं सुजल्यात." मी हर्षाने उडालेच. पुण्याच्या मैत्रिणीला मेसेज टाकला, माझ्या शिकवण्याची कमाल बघ म्हणून.

दुपारी पडल्या पडल्या लक्षात आलं, यातलं मी काहीच शिकवलेलं नाही. मी 'झोप झाली का' शिकवलं होतं, आणि तेही 'तुम्ही'ने. 'का गं बाय' माझ्या तोंडात कधी येत नाही. आणि बिहारचा रंजय, ओडिशाच्या मुली, सगळे एकाच सुरात बोलतात. वाक्याआधी ओठांचा एक चोखल्यासारखा आवाज, पडलेल्या दातांतून हवा गेल्यासारखा. मग अंगठा आणि बोटाने ओठांचे कोपरे पुसायचे आणि ती बोटं गुडघ्यावर घासायची. आज वर्गात फळ्याकडून वळले तर सगळे एकदम कोपरे पुसत होते. सगळ्यांच्या ओठांच्या कडांना पांढरं वाळलेलं.

फक्त सुकुरमुनी नाही. ती खिडकीत बसून गुणगुणत होती आणि माझ्याकडे अशी बघत होती, जसं काही आता तुमच्या लक्षात आलं का?

रविवार, ११ मे

रविवारी मुलांच्या घरून फोन येतात. ऑफिसातला मोबाईल बाकावर ठेवायचा आणि मुलांनी एकेक करून बोलायचं. सहादेवरावांनी आज मला तिथे बसवलं.

रंजयच्या आईचा फोन आला. व्हिडिओ कॉल होता. बाई पत्र्याच्या खोलीत बसलेली, मुलगा दिसताच हसत भराभरा बोलायला लागली. त्यांची मगही बोली मला नीट कळत नाही, पण आईचं बोलणं कुठल्याही भाषेत कळतंच: जेवलास का, काळा का पडलास. रंजय ऐकत होता. चेहऱ्यावर काहीच नाही. मग त्याने ओठ पुसले आणि मला विचारलं, "काय म्हनती गं ही बाई? कुनाची हाय?"

मला वाटलं चेष्टा करतोय. मी दटावलं. तो बिचारा गोंधळला. त्याला खरोखर एक शब्द कळत नव्हता. पलीकडे आई त्याच्या नावाने हाका मारत होती, आधी हसून, मग घाबरून, मग रडत. त्याने मोबाईल उलटा ठेवला आणि पुढचीला हाक मारली. पुढचीचंही तेच झालं, आणि तिच्या पुढच्याचंही. 

सुकुरमुनीचा नंबर शेवटी. ती बापाशी तिच्या भाषेत इतकं बोलली, इतकं बोलली, की मला रडू फुटलं. त्या खोलीत ती एकटीच कुणाची तरी मुलगी होती. फोन ठेवताना तिने माझा हात धरला आणि हिंदीत एवढंच म्हणाली, मुझे यहाँ से भेज दो. मी शब्द दिला आहे. ही मुलगी मी जशी आली तशी तिच्या बापाच्या हवाली करीन.

सोमवार, १२ मे

सहादेवरावांशी बोलायला गेले. ते जेवत होते. जे पाहिलं ते लिहायची किळस येते, पण लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

रंजय त्यांच्यासमोर मांडी घालून बसला होता. भाकरीचा तुकडा त्याने ताकात बुडवला, स्वतःच्या तोंडात घालून सावकाश चावला, पार लगदा केला, मग तो बोटांवर काढला आणि सहादेवरावांच्या तोंडात घातला. साठ वर्षांचा माणूस आ करून बसला होता. हनुवटीवरून ओघळ आला, तो रंजयने अंगठ्याने निपटून परत तोंडात सारला. "खा रं सादू. किती वाळलास माज्या लेकरा." आणि सहादेवरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सुखाचं.

मला बघूनही त्यांना लाज वाटली नाही. उलट बसा म्हणाले. आई गेली तेव्हा मी पोरका झालो, म्हणाले, लग्न नाही, मूल नाही, घरात कुणी 'सादू' म्हणणारं उरलं नाही. गावची पोरं येऊन दही खाऊन जात, पण ती घरी जाऊन घरचं खात, त्यांच्यात आई ठरत नव्हती. ही दुरून आलेली पोरं कोऱ्या दुधासारखी. "यांच्यात लगीच लागती बगा."

मी विचारलं, आणि त्यांच्या आया? ते मनापासून गोंधळले. म्हणाले, आई तर दिली ना त्यांना.

मग लंकाबाईंनी, मी न विचारता, भांडी घासता घासता उरलेलं सांगितलं. आक्का शेवटचे महिने दहीभातावर होत्या. गिळवत नव्हतं. तोंडात घातलेलं अर्धं बाहेर यायचं. त्यांनी बजावून ठेवलं होतं की माझं काही टाकायचं नाही. "मंग जे भाईर यायचं त्ये मी गाडग्यात टाकायची. शेवटच्या दिशी तर नुसती लाळच हुती. त्येच इरजान हाय बगा, आजपोत." हे त्यांनी मला देवाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

मी आडोसा गाठून ओकले. परत वड्याच.

मंगळवार, १३ मे

गाडगं फोडलं. मुलं मैदानावर असताना मागच्या नालीत उपडं केलं आणि दगड घातला. दही नालीत वाहून गेलं नाही. तसंच्या तसं डुगडुगत बसून राहिलं. कुत्रं आलं, हुंगलं आणि शेपूट घालून पळालं.

मला वाटलं आता आरडाओरडा होईल. कुठला आरडाओरडा! लंकाबाईंनी कोरं स्टीलचं पातेलं काढलं, कोमट दूध ओतलं, रंजयला हाक मारली. त्याने एक घोट तोंडात धरला, घोळवला, परत सोडला. संध्याकाळच्या आत दही लागलं होतं. सुरीने कापावं असं. "गाडग्यात काय असतंय बाई? इरजान मानसात असतंय," त्या म्हणाल्या आणि वाटीभर माझ्यापुढे धरलं.

मी तर सगळं ओकून टाकलं आहे. त्या दिवसानंतर थेंब घेतलेला नाही. मी सुटले, हे मी स्वतःला सारखं सांगते आहे.

लखीरामला फोन केला. घाबरू नये म्हणून एवढंच सांगितलं, की मुलीचं इथे जमत नाही, घेऊन जा. त्याला ओतशाळेतून रविवारशिवाय सुट्टी नाही. रविवारी सकाळी नक्की येतो म्हणाला. तोवर सुकुरमुनीला सांभाळायचं. गेल्या आठवड्यापासून दही प्रत्येक गोष्टीत आहे, पीठसुद्धा ताकात मळतात, म्हणून ती जवळजवळ काही खातच नाही. मी तिला माझ्या खोलीत झोपायला आणलं.

बुधवार, १४ मे

रविवारची वाट कशाला बघायची, असं मनात आलं. सकाळी तिला घेऊन निघाले, भिंगारला नेते म्हणून. कुणी अडवलं नाही. फाटक उघडंच असतं. पण पोर आठवडाभर जवळजवळ उपाशी. ऊस संपून मोकळं रान लागलं तिथे ती मातीत बसली आणि आडवी झाली. अंग तापलेलं. मागून मोटरसायकल आली, सहादेवरावच. रागाचा शब्द नाही. आम्हाला दोघींना डॉक्टरांकडे नेलं, बाहेर बाकावर बसून राहिले, आणि परत आणून खोलीच्या दारात सोडलं. जाताना म्हणाले, आजारी पोरीला उन्हात फिरवू नका बाई.

डॉक्टर म्हणाले ऊन लागलं आहे, पातळ काहीतरी पोटात जाऊ द्या. केळं ठरलं नाही, बिस्किट ठरलं नाही. साखरपाणीसुद्धा ओकली. शेवटी मी फाट्यावरून दुधाची पिशवी आणली. कंपनीची, सीलबंद. नवं पातेलं, नवा पेला. माझ्या खोलीतल्या शेगडीवर तापवलं. इथलं काहीसुद्धा नाही.

ती तोंड फिरवत होती. वासराचं आहे, म्हणत होती. मी तिला जवळ घेऊन समजावलं की दुधासारखं शुद्ध काही नाही, हे औषध समज, बापासाठी पी. खूप वेळ लागला. मी फुंकर घातली, चटका बसू नये म्हणून आधी स्वतः घोटभर घेऊन बघितलं, आणि पेला तिच्या ओठांना लावला.

नाक दाबून प्यायली शहाणी. आणि ठरलं. चार दिवसांत पहिल्यांदा मला हलकं वाटतंय.

गुरुवार, १५ मे

ताप उतरतोय. दूध दोन वेळा. मी आधी चाखते, मग ती. तिच्या गालांवर रंग आला आहे.

ती गुणगुणत नाही. अशक्तपणा असेल.

माझ्या जिभेवर मात्र थर येतोय. टंगक्लीनर फिरवला तर पांढरं लांबच्या लांब पापुद्र्यासारखं निघालं. बेसिनमध्ये पडलं आणि हललं. म्हणजे, थरथरलं. पाणी सोडलं तरी जाईना, काडीने ढकलावं लागलं. पोटातून सारखे कोमट ढेकर येतात. त्यांना चव आहे.

शुक्रवार, १६ मे

बाबांना फोन लावला. सगळं सांगून टाकावं, त्यांनी गाडी घेऊन यावं. मी बोलायला लागले आणि ते मध्येच म्हणाले, कोण बोलतंय आपण? मी म्हटलं, मीच. ते म्हणाले, आजी, तुम्ही निवेदिताला फोन द्या.

मी ओरडले की मीच निवेदिता आहे.  त्यांनी घाबरून विचारलं, माझी मुलगी कुठे आहे?

फोन ठेवला.  मेसेज केला, घसा बसलाय, काळजी नको. आणि मग सहज ओठांचे कोपरे पुसले.

सहज—

शनिवार, १७ मे

पेला घासायला घेतला. रात्रीचं दूध तळाशी राहिलं होतं, दोन बोटं. पेला उलटा केला. पडलं नाही.

लागलं होतं.

नवा पेला. सीलबंद पिशवी. लंकाबाईंचा हात नाही, कुणाचा नाही. मग खात्री करायला दोन वाट्यांत दूध घेतलं. एका वाटीतलं घोटभर चाखलं. दुसरीला शिवले नाही. खिडकीत ठेवल्या. दुपारपर्यंत दुसरी उन्हाने नासली, पाणी वेगळं, चोथा वेगळा, जसं नासतं तसं.

पहिली घट्ट. वर साय. सुरीने कापावं असं—

माझं तोंड. माझ्या तोंडातून. मीच पाजत होते तिला. फुंकर घालून. तिला नको होतं, ती घाण म्हणत होती, आणि मी समजावलं. ती एवढे दिवस एकटी टिकली होती. इथल्या कुणालाच तिला बाटवता आलं नाही. मीच ते केलं. मायेने.

मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. ब्रश केला, मीठ चोळलं, हिरड्यांतून रक्त आलं. रक्त गुलाबी नाही. पांढुरकं—

तिच्याकडे बघायचा धीर होत नाही. झोपली आहे. झोपेत ओठ चोखते आहे.

रविवार, १८ मे

लखीराम आला.

फाटकातून पळतच आला. नवा शर्ट, हाताला भाजल्याचे डाग. तिच्या नावाने हाक मारली, त्यांच्या भाषेत कितीतरी बोलला. ती पायरीवर बसली होती. बघत राहिली. मला विचारलं—

"कोन हाय गं ह्यो? लई लांबून आल्यागत दिसतोय. बसव की."

मी त्याला सांगायला तोंड उघडलं. पळ म्हणून. तिला उचल आणि पळ. तोंडातून आलं, "ये रं बाबा, टेक." माझ्या तोंडातून. परत प्रयत्न केला. परत तेच. म्हणून लिहिते आहे. हात अजून माझा आहे. लिहून त्याला दाखवलं— त्याला मराठी वाचता येत नाही. हिंदीत लिहू म्हटलं तर हिंदी शब्दच— एकही—

तो हसला. त्याला वाटलं मी काही खुशालीचं लिहिलं आहे. हात जोडले मला. माझ्या मुलीला सांभाळलं म्हणून.

ती आत गेली. वाटी घेऊन आली. भरलेली.

तो दूध पीत नाही. त्यांच्यात कुणी पीत नाही. वाटीकडे बघून त्याचं तोंड वाकडं झालं, मी पाहिलं. पण वाढणारी त्याची मुलगी आहे. इतक्या दिवसांनी भेटलेली. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याचे डोळे भरले—

वाटी उचलली त्याने.

नको. हात धरायला हवा. मी उठते. मी उठून वाटी उडवते, मी त्याला सांगते की माज्या सादूच्या दारात आलेलं लेकरू उपाशी कसं